फुटबॉलचे मास्तर सय्यद अब्दुल रहीम

आपली आरे कॉलनी 1949 साली वसली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या कुपरेज मैदानावर हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने रोव्हर्स कप जिंकला आणि 1954 पर्यंत सलग पाच वर्षे तो कोणाला मिळू दिला नाही. या संघाला घडवणाऱ्या सय्यद अब्दुल रहीम यांची ओळख आपण करून घेऊ. पावसाळ्यात चिखलात फुटबॉल खेळणाऱ्या आपल्या मुलांनाही ती आवडेल.

रहीम यांचा जन्म 1909 साली हैदराबादला झाला. उस्मानिया विद्यापीठात असताना ते तिथल्या संघातून खेळले. पुढे पेशाने ते शाळामास्तर झाले, आणि आम्हांला वाटते, मैदानावरही ते मास्तरच राहिले. एकट्यानेच चेंडू खेळवत नेण्याची सवय मोडावी म्हणून ते ड्रिबलिंगला बंदी असलेले सामने भरवत. कच्च्या पायानेच चेंडू मारायचा, अशाही स्पर्धा त्यांनी घेतल्या.

1951 साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या भारतीय संघाने सुवर्णपदक मिळवले. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला 10-1 असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत होते. चार वर्षांनी मेलबर्नला मात्र भारत उपांत्य फेरीत पोहोचला. तिथवर जाणारा तो आशियातला पहिला देश. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या त्या 4-2 अशा विजयात तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझाचे होते!

1962 साली रहीम जकार्ताला संघ घेऊन गेले तेव्हा कर्करोगाने त्यांना पोखरले होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने 2-0 असा जिंकला. थायलंडला हरवताना बचावपटू जर्नेल सिंग यांचे डोके फुटले, टाके पडले. रहीम यांनी त्यांना घरी पाठवले नाही, की नुसते बाकावरही बसवले नाही. उपांत्य सामन्यात त्यांना पुढच्या फळीत खेळवले आणि जर्नेल यांनी गोल केला. अंतिम सामन्यात पुन्हा तोच दक्षिण कोरिया समोर होता. इस्रायल आणि तैवानला इंडोनेशियाने प्रवेश नाकारल्यावर एका भारतीय पदाधिकाऱ्याने हरकत घेतली होती, त्यामुळे सुमारे लाखभर प्रेक्षक आपल्या विरोधात ओरडत होते. गोलरक्षक पीटर थंगराज तापातून उठून उभे राहिले. मुंबईत खेळणारे गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रँकोही त्या संघात होते. पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला, दुसरा जर्नेल यांनी, डोक्याला पट्टी बांधलेली असताना. भारत 2-1 असा जिंकला. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण त्यानंतर आपल्याला मिळालेले नाही.

तो दिवस 4 सप्टेंबरचा. त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, 11 जून 1963 रोजी, रहीम हैदराबादला वारले. त्यांच्यावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला तो 2024 साली, म्हणजे 61 वर्षांनी.