विश्लेषण : गृहमतदानाच्या वयात उपोषणाला बसलेले सेनापती बापट

पाचोऱ्यासह राज्यभरातील 85 वर्षांवरील मतदारांना 2024च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीत घरूनच मतदान करता आले. त्यासाठी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत 12-ड अर्ज भरून द्यावा लागतो. मग मतदान पथक मतपत्रिका घेऊन घरी येते. आधी ही मर्यादा 80 वर्षांची होती, मार्च 2024मध्ये ती 85 झाली. ज्येष्ठांचा राजकीय सहभाग म्हटले की चर्चा बहुधा इथेच थांबते. महाराष्ट्रात मात्र नेमक्या याच वयात एका माणसाने सीमाप्रश्नासाठी अन्न सोडले होते. त्यांचे नाव पांडुरंग महादेव बापट, म्हणजेच सेनापती बापट.

कोण होते बापट?

जन्म 12 नोव्हेंबर 1880, पारनेर, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. शिष्यवृत्ती मिळवून ते अभियांत्रिकी शिकायला एडिंबरोला गेले. तिथे ब्रिटिश सत्तेविरुद्ध बोलल्याने शिष्यवृत्ती गेली. पुढे सावरकरांशी संबंध आला आणि पॅरिसमध्ये बॉम्ब बनवण्याचे तंत्र हाती लागले. 1908मध्ये ते भारतात परतले. अलीपूर खटल्यामुळे काही वर्षे भूमिगत राहावे लागले.

‘सेनापती’ ही पदवी मात्र बॉम्बमुळे मिळाली नाही, ती मुळशीने दिली. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशी खोऱ्यातील गावे पाण्याखाली जाणार होती. 1921मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला आणि बापट त्याचे नेते झाले. धरण थांबले नाही. 1924मध्ये रेल्वे अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर भाषणांसाठी पुन्हा तुरुंग. पुढे सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकचे काम त्यांनी महाराष्ट्रात सांभाळले.

एवढ्यावर चरित्र संपले असते तरी ते मोठेच ठरले असते. स्वातंत्र्य आले तेव्हा बापट 66 वर्षांचे होते. त्यांच्या पिढीतले अनेक जण मंत्री झाले, काही राजकारणातून बाजूला झाले. बापटांनी यातले काहीच केले नाही.

सत्तरीनंतर काय केले?

18 मे 1955 रोजी गोव्यात सत्याग्रहींची तुकडी शिरली, तिचे नेतृत्व नानासाहेब गोरे आणि बापट यांच्याकडे होते. गोरे तेव्हा 47 वर्षांचे, बापट 74 वर्षांचे. पोर्तुगीज पोलिसांनी सत्याग्रहींना मारहाण केली. गोऱ्यांना दीर्घ मुदतीची शिक्षा झाली, तर बापटांना गोव्याच्या हद्दीबाहेर परत पाठवले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाच्या अग्रभागी होते. ज्येष्ठ नेत्याला व्यासपीठावर बसवून हार घालायचा आणि धावपळ तरुणांनी करायची, ही आपल्याकडची पद्धत. ती त्यांना मानवली नसावी.

1 मे 1960 रोजी राज्य झाले, पण बेळगाव, कारवार, निपाणीचा मराठी भाग म्हैसूर राज्यातच राहिला. बापट पारनेरचे. मुळशी, गोवा, बेळगाव यांपैकी एकही त्यांचे गाव नव्हे. पाचोऱ्याच्या वाचकालाही बेळगाव लांबचे वाटेल. मात्र सीमा सरकणे म्हणजे काय, हे खानदेशाला ठाऊक आहे. 1960मध्येच तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील नंदुरबार, नवापूर, तळोदा आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 156 गावे गुजरातकडे गेली.

उपोषणातून काय निघाले?

सीमाप्रश्नासाठी केंद्राने आयोग नेमावा, या मागणीसाठी बापट 1966मध्ये उपोषणाला बसले. वय 85. मोर्चात म्हातारा माणूस मागे पडतो, उपोषणात मात्र त्याचे वयच सरकारवर दडपण आणते. तरुणाच्या उपोषणाला सरकार काही दिवस थांबू शकते, 85 वर्षांच्या माणसाच्या बाबतीत तेवढी सवड नसते. ऑक्टोबर 1966मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्यीय आयोग नेमला. महाजनही तेव्हा 76 वर्षांचे होते.

गुंता पुढे झाला. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा, हे महाराष्ट्राचे निकष होते. ऑगस्ट 1967मध्ये आयोगाचा अहवाल आला, त्यात बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवण्याची शिफारस होती. निपाणी, खानापूरसह 264 गावे महाराष्ट्राला, तर दक्षिण सोलापूर, अक्कलकोट भागातील गावांसह 247 गावे म्हैसूरला द्यावीत, असे आयोगाने सुचवले. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. ज्या आयोगासाठी बापटांनी जीव पणाला लावला, त्याचाच कागद पुढे महाराष्ट्राच्या दाव्याविरुद्ध वापरला जाऊ लागला. उपोषणाने सरकार हलते, निकाल कोणत्या बाजूने लागेल हे उपोषणाच्या हाती नसते.

अहवालानंतर तीन महिन्यांनी, 28 नोव्हेंबर 1967 रोजी बापट गेले. पुढच्याच महिन्यात महाजनांचेही निधन झाले. अहवाल मात्र मागे राहिला. कर्नाटक तो अंतिम मानते. महाराष्ट्राने 2004मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.