वकिली सोडली, पुस्तकं धरली : अल्लामा शिबली नोमानी

मुलाने वकील व्हावं ही वडिलांची इच्छा, आणि मुलाचं मन काही केल्या कचेरीत रमेना. आपल्याकडे आजही घरोघरी चालणारी ही गोष्ट सुमारे दीडशे वर्षांपूर्वी आझमगढच्या एका सुखवस्तू घरात घडली. वडील शेख हबीबुल्लाह तिथले वकील. मुलगा पुढे अल्लामा शिबली नोमानी म्हणून ओळखला गेला.

शिबलींचा जन्म १८५७ चा, आझमगढ जिल्ह्यातल्या बिंदवल गावचा. म्हणजे उठावाचं वर्ष. वडिलांनी धाकट्या मुलांना इंग्रजी शिक्षण दिलं, पण थोरल्याला जुन्या पद्धतीच्या अरबी-फारसीत घातलं. मौलाना फारूक चिरय्याकोटी हे त्यांचे मुख्य उस्ताद. नंतर अरबी साहित्यासाठी ते लाहोरला फैजुल हसन सहारनपुरी यांच्याकडे गेले. नोमानी हे काही आडनाव नव्हे. इमाम अबू हनीफा यांचं नाव नुअमान, त्यांच्याविषयीच्या आदरापोटी ते लावलेलं. १८७६ मध्ये, विशीही उलटली नव्हती तेव्हा, ते हजला गेले आणि मदीन्यात कुतुबखाने बघत फिरले.

परत आल्यावर वडिलांच्या आग्रहाने वकिलीची परीक्षा पास केली. काही दिवस वकिली केली, काही दिवस अमीन म्हणून कचेरीची नोकरी केली. दोन्हीत जीव नव्हता.

धाकटा भाऊ अलीगढच्या कॉलेजात शिकत होता. त्याला भेटायला गेले तेव्हा सर सय्यद अहमद खान यांची गाठ पडली, आणि १८८३ मध्ये शिबली त्याच कॉलेजात अरबी-फारसी शिकवायला रुजू झाले. पगार बेताचा होता. पण सर सय्यद यांनी आपला कुतुबखाना त्यांना मोकळा करून दिला, ही खरी कमाई. युरोपात आणि मिसरमध्ये छापलेली अरबी इतिहासाची पुस्तकं तिथे होती. मदरशात शिकलेल्या या तरुण मौलवीला आपलाच इतिहास नव्या नजरेने दिसला तो त्या कपाटांपाशी. तिथेच थॉमस अर्नोल्ड भेटले. शिबलींनी त्यांना अरबी शिकवली, त्यांनी शिबलींना फ्रेंच. त्याच वर्षी आझमगढमध्ये त्यांनी एक शाळाही काढली. आजचं शिबली नॅशनल कॉलेज ते हेच.

१८९२ मध्ये हजरत उमर (रजि.) यांच्या चरित्रासाठी साधनं गोळा करायला ते तुर्कस्तान, शाम आणि मिसरच्या सफरीवर निघाले. मुंबईहून बोटीत बसले, अर्नोल्ड सोबत होते. वाटेत बोटीचं इंजिन बंद पडलं. शिबली घाबरून अर्नोल्डना शोधत गेले, तर ते शांतपणे पुस्तक वाचत बसलेले! बोट बुडायचीच असेल तर उरलेला थोडा वेळ तरी वाया कशाला घालवायचा, असं त्यांचं म्हणणं. शिबलींनी हा प्रसंग आपल्या सफरनाम्यात मोठ्या कौतुकाने लिहून ठेवला आहे. इस्तंबूल आणि काहिरातल्या कुतुबखान्यांत त्यांनी हस्तलिखितं पाहिली, टिपणं घेतली. सुलतान अब्दुल हमीद यांनी त्यांना पदक दिलं. अल-फारूक हा ग्रंथ १८९९ मध्ये बाहेर आला.

हजरत उमर (रजि.) यांनी इस्कंदरियाचा प्राचीन कुतुबखाना जाळायला लावला, असा आरोप तेव्हा वरचेवर व्हायचा. शिबली चिडले नाहीत, जुनी पुस्तकं काढून बसले. ही कहाणी कधी सुरू झाली आणि त्या काळाच्या जवळच्या इतिहासकारांत ती का सापडत नाही, हे त्यांनी एकेक पुरावा तपासून मांडलं. माझ्या मते त्यांच्या साऱ्या लेखनातला हा सर्वात शिकण्यासारखा भाग आहे. सोशल मीडियावर भांडणाऱ्या आपल्या पोरांनी तो जरूर वाचावा.

१८९८ मध्ये सर सय्यद वारले आणि शिबलींनी अलीगढ सोडलं. मग वडीलही गेले, मागे कर्ज ठेवून. १९०१ मध्ये ते निजामाच्या हैदराबादेत विद्याखात्यात नोकरीला लागले. ही चार वर्षं लेखनाला चांगली गेली : अल-गजाली, मौलाना रूम यांचं चरित्र, अनीस आणि दबीर यांच्या मर्सियांची तुलना. १९०३ मध्ये अंजुमन तरक्की-ए-उर्दू निघाली, तिचे पहिले सचिव शिबलीच. हीच अंजुमन पुढे मौलवी अब्दुल हक यांच्या हाती आली आणि बरीच वर्षं आपल्या औरंगाबादेतून चालली.

१९०५ मध्ये हैदराबादची नोकरी सोडून ते लखनौच्या नदवा मदरशात आले. मौलवींच्या मुलांनी इंग्रजी शिकावी, हा त्यांचा हट्ट. अलीगढवाल्यांना ते फार मौलवी वाटत आणि मौलवींना फार अलीगढी. तरुण अबुल कलाम आझाद इथेच त्यांच्या हाताखाली अन-नदवा मासिकात काम करून गेले. १९०७ मध्ये घरात अचानक बंदूक सुटली आणि शिबलींचा एक पाय कापावा लागला. तरी काम थांबलं नाही.

मुंबईला ते वारंवार येत. त्यांच्या फारसी गझलांना या शहराची हवा लागली आहे. जंजिऱ्याच्या नाझली बेगम आणि त्यांच्या बहिणी जोहरा व अतिया फैजी यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. यातल्या अतियांनी पुढे हिंदुस्थानी संगीतावर इंग्रजी पुस्तक लिहिलं. या ओळखीवरून शिबलींना बरंच ऐकून घ्यावं लागलं. नदव्यातला विरोध वाढत गेला आणि १९१३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

आता वय छप्पन्न, तब्येत ढासळलेली, आणि हातात पैगंबर मुहम्मद (स.) यांचं चरित्र. त्यासाठी भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम यांनी मदत दिली होती. शिवाय डोक्यात एक नवीच योजना : दारुल मुसन्निफीन, म्हणजे लेखकांचं घर. तिथे मोठा कुतुबखाना असावा आणि तरुणांनी पोटापाण्याची काळजी न करता संशोधन करावं. आझमगढमधली आपली बाग, बंगला आणि पुस्तकं त्यांनी यासाठी देऊ केली. सिरत-उन-नबीचं काम अर्धवट असतानाच १८ नोव्हेंबर १९१४ रोजी त्यांचं निधन झालं.

तीनच दिवसांनी शागीर्द जमले आणि दारुल मुसन्निफीनचा पाया घातला. त्यांच्यातले सय्यद सुलेमान नदवी तेव्हा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात फारसी शिकवत होते. चांगली सरकारी नोकरी होती. ती सोडून ते आझमगढला गेले, १९१६ मध्ये मआरिफ मासिक सुरू केलं आणि उस्तादांनी दोन भागांपर्यंत आणलेली सिरत पुढे नेली. ती सात भागांची झाली.