सातवीण, सागरगोटे आणि असीमा चॅटर्जी

मी सुरगाण्याचा. आमच्याकडे थंडीताप आला की जुनी माणसं सातविणीच्या सालीचा काढा पाजायची. इतका कडू, की ताप परवडला पण काढा नको! त्या सालीत नेमकं असतं काय, हे शोधताना मला डॉ. असीमा चॅटर्जी भेटल्या, अर्थात लायब्ररीत.

23 सप्टेंबर 1917 रोजी कलकत्त्यात जन्म. वडील डॉक्टर, त्यांना वनस्पतींचा नाद. तोच लेकीला लागला. मुली सहसा केमिस्ट्रीकडे वळत नसत अशा काळात त्यांनी 1936 साली रसायनशास्त्राची पदवी आणि 1944 साली कलकत्ता विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली. यजमान बरदानंद हे शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक, म्हणजे आपल्याच गोत्रातले!

बाईंचं काम चिकाटीचं. साल वाळवायची, कुटायची, अर्क काढायचा, त्यातून अल्कलॉइड वेगळं करायचं आणि त्याच्या रेणूची रचना उलगडायची. उपकरणं तुटपुंजी, पैशांची कायम ओढाताण. तरी काम थांबलं नाही. 1961 साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला, 1975 साली पद्मभूषण, आणि त्याच वर्षी त्या इंडियन सायन्स काँग्रेसच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

हिवतापावर त्यांनी चार वनस्पती वापरल्या: सातवीण, कुटकी, चिराईत आणि सागरगोटा. हो, मुली खेळतात तोच सागरगोटा! 'आयुष-64' या गोळीतही हीच चौकडी आहे.

पण मित्रांनो, पुढचं नीट वाचा. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत क्लोरोक्वीन घेतलेले व्हायवॅक्सचे रुग्ण सगळे बरे झाले, आयुष-64 घेतलेले मात्र जेमतेम निम्मे. हल्ली बाटलीवर 'अँटिऑक्सिडंट' छापलं की माल खपतो. परीक्षानळीत ऑक्सिडेशन रोखणं वेगळं आणि रक्तातला परजीवी मारणं वेगळं. आर्टेमिसिनिन हे औषधही एका वनस्पतीतूनच मिळालं, पण ते तर ऑक्सिडेशन घडवूनच परजीवीला मारतं!

22 नोव्हेंबर 2006 रोजी बाई गेल्या. झाडपाल्याला त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, आणि डोळे झाकून डोक्यावरही घेतलं नाही. प्रयोगशाळेत नेऊन तपासलं. म्हणून सुट्टीत गावी कुणी तापाने फणफणलं, तर मी काढ्याच्या पातेल्याशी वाद घालत बसत नाही. आधी रक्त तपासायला घेऊन जातो. काढा काय, नंतरही पिता येतो.