विश्लेषण : हिमालय नंगा पर्वतापाशी का वळतो? वाडियांनी काय शोधले?

पूर्वेकडून वायव्येला आलेली हिमालयाची रांग नंगा पर्वतापाशी अचानक दक्षिणेकडे वळते. ही दोन रांगांची गाठ, की एकच रांग वाकलेली? उत्तर दिले दाराशॉ नोशेरवाँ वाडिया यांनी.

सुरतेत १८८३ मध्ये जन्मलेले वाडिया १९०७ पासून जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात शिकवत. विद्यार्थ्यांना भारताच्या भूशास्त्राचे सोयीचे पुस्तक नव्हते; त्यांनीच ते लिहिले. १९१९ चे ‘जिऑलॉजी ऑफ इंडिया’ पुढे कित्येक पिढ्यांनी अभ्यासले. सुट्टी लागली, की मास्तर डोंगरात!

चाळिशी जवळ आली असताना, १९२१ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात गेले. वळणाच्या दोन्ही अंगांचे खडक त्यांनी ताडून पाहिले. थर तेच, क्रमही तोच. म्हणजे रांग एकच. मग ती वाकली कशाने? द्वीपकल्पाच्या जुन्या, टणक खडकाची जिभेसारखी पाचर तिथे उत्तरेकडे घुसलेली आहे आणि घड्या पडत वर येणारे थर तिला वळसा घालून गेले, असे त्यांनी १९३१ मध्ये मांडले. भूपट्ट सिद्धान्त तेव्हा तीन दशके दूर होता.

१९५७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले. डेहराडूनची हिमालय भूविज्ञान संस्था त्यांच्याच नावाची.