साखर जोडणारे डॉ. लेम्यू



साखर कशापासून करतात असे विचारले तर तुमचे आई-बाबा पटकन सांगतील, उसापासून. इकडे अल्बर्टात ती बीटपासूनही करतात. ऊस असो की बीट, साखर तीच. फ्रेंचमधला 'सुक्र', इंग्रजीतला 'शुगर' आणि आपला 'साखर' या तिन्ही शब्दांचे मूळही एकच, संस्कृतातली 'शर्करा'. ही साखर वनस्पतींच्या किंवा जंतूंच्या मदतीवाचून, निव्वळ रसायनांच्या जोरावर जोडून दाखवली ती कॅनडातल्या एका फ्रेंच घराण्यातल्या शास्त्रज्ञाने. त्यांचे नाव डॉ. रेमंड लेम्यू.

लेम्यूंचा जन्म १६ जून १९२० चा. गाव लॅक ला बिश, एडमंटनच्या ईशान्येला दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर. अल्बर्टा विद्यापीठातून १९४३ साली पदवी आणि मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून १९४६ साली डॉक्टरेट मिळवून ते ओहायोला गेले. त्या वेळी क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध निघाले होते आणि त्याच्या रेणूची रचना शोधण्याचे काम तिथे चालले होते. गंमत अशी की, त्या रेणूतही साखरेच्या जातीचेच तुकडे असतात. ओहायोतच त्यांची व्हर्जिनिया यांच्याशी ओळख झाली आणि १९४८ साली लग्न झाले. पुढे ते सॅस्काटूनच्या सरकारी प्रयोगशाळेत रुजू झाले.

आता साखरेच्या रेणूकडे वळू. त्यात कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू. एक अर्धा भाग ग्लुकोज, दुसरा फ्रुक्टोज. दोघांची गाठ मारायची, त्यात काय एवढे? पण या गाठीत प्रत्येक भाग दोन तऱ्हांनी बसू शकतो. म्हणजे एकूण चार तऱ्हा, आणि साखर होते ती त्यांतल्या एकाच तऱ्हेने. आम्ही पडलो संगणकवाले. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षानंतर रसायनशास्त्राशी आमचा संबंध संपला. आम्हाला हे असे उमगले: एखादा प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो पण उत्तर चुकीचे देतो, तशा त्या उरलेल्या तीन तऱ्हा. अणू तेच, वजन तेच, पण साखर नव्हे! १९२८ साली स्वित्झर्लंडच्या पिक्टे यांनी साखर जमल्याचे जाहीर केले होते, परंतु तो प्रयोग पुढे कोणालाच पुन्हा जमेना.

लेम्यू आणि त्यांचे सहकारी जॉर्ज ह्यूबर यांनी दोन्ही भागांवरच्या नको त्या जागा आधी झाकून टाकल्या, म्हणजे तिथे जोड लागूच नये. मग दोन्ही भाग एकत्र तापवले. १९५३ साली साखर जमली. हाती आली ती फारच थोडी. त्याच सुमारास तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरानगरला, विखे पाटलांचा सहकारी कारखाना उसातून पोत्यांनी साखर काढत होता. तेव्हा चहाला साखर पुरवणे हा या प्रयोगाचा हेतू नव्हता हे उघडच आहे. रेणू हवा तसा जुळवता येतो का, हे पाहायचे होते. त्याच वर्षी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले, आणि या प्रयोगालाही रसायनशास्त्रातले एव्हरेस्ट म्हटले गेले.

१९५४ साली लेम्यू ऑटावा विद्यापीठात गेले आणि १९६१ साली एडमंटनला परतले. आमच्या मते त्यांचे खरे मोठे काम इथून पुढचे आहे.

मुलांनो, तुमचा रक्तगट आई-बाबांना विचारून घ्या. ए, बी, ओ हा फरक कशाने पडतो, ठाऊक आहे? रक्तातल्या तांबड्या पेशींवर निरनिराळ्या साखरांच्या छोट्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला एक विशिष्ट साखर असली तर ए, दुसरी असली तर बी, आणि दोन्ही नसल्या तर ओ. एवढासाच फरक, पण चुकीचे रक्त चढवले तर माणूस दगावू शकतो. या साखळ्या शरीरातून वेगळ्या काढणे अतिशय किचकट, आणि मिळत त्याही अगदी थोड्या. १९७५ च्या सुमारास लेम्यू आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांतल्या काही साखळ्यांची नेमकी टोके प्रयोगशाळेत बनवली. सॅस्काटूनला एक गाठ मारताना जे शिकले, ते इथे कामी आले. शरीर परके रक्त ओळखते कसे, हे त्यामुळे बारकाईने तपासता येऊ लागले. रक्तगट तपासण्याची द्रव्ये तयार करायलाही या टोकांचा उपयोग झाला.

हे सारे घडले ते एडमंटनमध्ये, जिथे १९४७ नंतर बोलबाला होता तो खनिज तेलाचा. तिथे लेम्यूंनी १९६२ साली आणि पुन्हा १९७७ साली रसायनांच्या कंपन्याही काढल्या. नोबेल मिळाले नाही. १९९९ साली इस्राएलचे वुल्फ पारितोषिक मात्र मिळाले. त्यानंतर वर्षभराने, २२ जुलै २००० रोजी, एडमंटनमध्येच त्यांचे निधन झाले. साखरेच्या रेणूंवरचे संशोधन त्यांच्या विद्यापीठात आजही चालू आहे.