थांब म्हणणारे प्रशिक्षक

या स्मरणिकेत आपल्या शाळेतल्या शिक्षकांवर बरेच जण लिहितील, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. म्हणून मी एका परक्या देशातल्या शिक्षकाची गोष्ट सांगायचं ठरवलं. त्यांचं नाव बिल बावरमन. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात ते धावण्याचे प्रशिक्षक होते. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर आपल्या बॅचमधले निम्मे लोक मॅरेथॉनच्या गोष्टी करू लागले आहेत आणि उरलेले गुडघ्यांच्या. दोघांनाही हा माणूस माहीत असायला हवा.

बावरमन यांचा जन्म 19 फेब्रुवारी 1911 रोजी पोर्टलंड शहरात झाला. वडील राजकारणात होते, काही काळ ओरेगन राज्याचे हंगामी गव्हर्नर होते. बिल लहान असतानाच आईवडील विभक्त झाले. जुळा भाऊ होता, तो अगदी तान्ह्या वयात लिफ्टच्या अपघातात गेला. आईने मुलांना एकटीने वाढवलं. मेडफर्डच्या शाळेत बिल मारामाऱ्या करणारा, हाताबाहेर गेलेला मुलगा होता. तिथले शिक्षणाधिकारी एर्सेल हेड्रिक यांनी त्याला समोर उभं करून असं काही खडसावलं की गाडी रुळावर आली. हाच मुलगा पदवी घेऊन 1935 मध्ये मेडफर्डच्याच शाळेत शिक्षक म्हणून परतला. शाळेने वाया गेलेला ठरवलेला मुलगा शाळेचा सर होऊन परत येतो, हे आपल्यालाही नवीन नाही!

विद्यापीठात ते फुटबॉल खेळायला गेले होते. तिथे बिल हेवर्ड नावाच्या प्रशिक्षकांनी त्यांच्या धावण्यातले दोष एकेक करून काढले. हेवर्ड 1904 पासून तिथे होते आणि मैदानाला त्यांच्या हयातीतच त्यांचं नाव मिळालं होतं. दुसऱ्या महायुद्धात बावरमन इटलीच्या डोंगरात पहाडी तुकडीबरोबर लढले, शौर्यपदकं मिळवली. हेवर्ड 1947 मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांची जागा बावरमन यांच्याकडे आली. पुढची सुमारे पंचवीस वर्षं ते तिथेच राहिले. त्यांच्या संघाने राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धा चार वेळा जिंकली: 1962, 1964, 1965 आणि 1970 मध्ये.

त्या काळी प्रशिक्षकांचा समज असा की पोरं जितकी दमतील तितकी तयार होतील. बावरमन यांनी निरखून पाहिलं, की ताकद व्यायामात येत नाही, व्यायामानंतरच्या विश्रांतीत येते. म्हणून त्यांनी एक दिवस कठीण, दुसरा दिवस हलका असा क्रम लावला. प्रत्येकाला वेगळा आराखडा, कारण प्रत्येकाचं शरीर वेगळ्या गतीने सावरतं. केनी मूर नावाच्या विद्यार्थ्याला हे पटेना. हलक्या दिवशीही तो गुपचूप मैलोन् मैल धावायचा आणि सतत आजारी पडायचा. बावरमन यांनी त्याला गळ्याला धरून बजावलं, की तीन आठवडे दिवसाला तीनच हलके मैल, एक पाऊल जास्त पडलं तर संघातून बाहेर. मूर चरफडला, पण त्याने ऐकलं. तीन आठवड्यांनी तो दोन मैलांची शर्यत आपल्या आधीच्या वेळेपेक्षा 27 सेकंद लवकर धावला. पुढे तो ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये चौथा आला आणि सरांचं चरित्रही त्यानेच लिहिलं.

विश्रांती शिकवायला गळ्याला धरणारा हा माणूस साधासरळ नव्हता. सॉनामध्ये तापवलेली किल्ली नवख्या मुलांच्या मांडीला चिकटवून हसायची त्यांची खोड होती. काही विद्यार्थ्यांनी ते कौतुकाने सांगितलं आहे. मला नाही कौतुक वाटत. माझा मुलगा आता त्याच वयाचा आहे, आणि उत्तम शिकवतात म्हणून कुणा सरांना असं करायची मोकळीक मी देणार नाही. त्यांची शिकवण घेताना हे झाकून ठेवू नये, एवढंच.

माझ्यातल्या इंजिनियरला मात्र हा माणूस फार आवडतो. त्यांनी बुटाचं गणित मांडलं होतं. धावणाऱ्याचं एक पाऊल सहा फुटांचं धरलं तर मैलात 880 पावलं होतात. प्रत्येक बुटातून 28 ग्रॅम कमी केले तर मैलभरात जवळजवळ 25 किलो कमी उचलावे लागतात! मग ते स्वतःच बूट शिवायला लागले आणि मुलांच्या पायात घालून पाहू लागले. त्यांचा एक जुना धावपटू फिल नाइट याच्याबरोबर 1964 मध्ये प्रत्येकी 500 डॉलर घालून त्यांनी बुटांचा व्यवसाय सुरू केला. त्याचीच पुढे नायकी झाली. नव्या कृत्रिम ट्रॅकवर खिळ्यांशिवाय पकड कशी मिळेल, हा प्रश्न डोक्यात घोळत असताना एकदा नाश्त्याला त्यांचं लक्ष वॉफलच्या साच्याकडे गेलं. पत्नी बार्बरा यांचा तो साचा उचलून त्यांनी त्यात रबराचं मिश्रण ओतलं आणि साचा कायमचा चिकटून बसला. स्वयंपाकघरातलं भांडं असं प्रयोगाला गेल्यावर घरात काय झालं असेल, हे मैत्रिणींना सांगायला नको. पण त्या चौकोनी नक्षीचे तळवे जगभर गेले.

1962 च्या अखेरीस ते न्यूझीलंडला प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्याकडे गेले. तिथे सामान्य माणसं सकाळी रमतगमत पळत. सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला एक गृहस्थ त्यांना मागे टाकून पुढे गेला. बावरमन तेव्हा 51 वर्षांचे होते. ते हे मनावर घेऊन परतले. यूजीन गावातल्या लोकांना मैदानावर बोलावलं, हृदयरोगतज्ज्ञ हॅरिस यांच्याबरोबर 1967 मध्ये जॉगिंगवर पुस्तक काढलं. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्यांच्या विद्यापीठ संघात मुली नव्हत्या. हे पुस्तक मात्र सगळ्या वयांच्या स्त्रीपुरुषांसाठी होतं.

1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ते अमेरिकेच्या ट्रॅक संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. दहशतवाद्यांनी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं, त्या पहाटे निसटलेला एक इस्रायली खेळाडू त्यांच्या दाराशी आला. बावरमन यांनी त्याला आत घेतलं आणि थेट अमेरिकन वकिलातीला फोन करून रक्षक मागवले. ऑलिंपिकच्या पदाधिकाऱ्यांना ते रुचलं नाही. त्यांनी पर्वा केली नाही.

त्यानंतर लवकरच ते निवृत्त झाले. सूत्रं त्यांचे विद्यार्थी आणि सहायक बिल डेलिंजर यांच्याकडे गेली. डेलिंजर हे 1964 च्या ऑलिंपिकमध्ये 5000 मीटरचे कांस्यपदक विजेते, आणि त्यांच्या हाताखाली ओरेगनचा क्रॉस कंट्री संघ पुन्हा राष्ट्रीय विजेता झाला. हेवर्ड, बावरमन, डेलिंजर: गुरूकडून शिष्याकडे जाणारी ही साखळी एकाच विद्यापीठात नव्वदहून अधिक वर्षं चालली.

बूट चिकटवण्याच्या द्रावणांच्या वाफा वर्षानुवर्षं बंद खोलीत घेतल्याने बावरमन यांच्या पायांच्या नसा निकामी होत गेल्या. लाखोंना धावायला लावणाऱ्या या माणसाला शेवटी स्वतःला धावता येईना. दुसऱ्यांना वेळेवर थांबवणारे सर स्वतः कामात थांबले नाहीत. 24 डिसेंबर 1999 रोजी ते गेले.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, मेळाव्यात भेटू तेव्हा कोण किती किलोमीटर धावतं ते जरूर विचारू. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी कोण किती विश्रांती घेतं, हेही विचारू.