पंढरीत धरलेला बंडकरी : राघोजी भांगरे

ओतूरला चैतन्यांचे स्थान, आळ्याला रेड्याची समाधी आणि घाटमाथ्यावर भीमाशंकर! जुन्नर-आंबेगावची ही भूमी वारकऱ्याला परकी नाही. कीर्तनाच्या निमित्ताने या डोंगरपट्ट्यात पुष्कळदा जाणे झाले. कीर्तन आटोपून चुलीपाशी बसले, की संतांच्या गोष्टी होता होता म्हाताऱ्यांच्या तोंडी एक नाव हमखास येते, राघोजीचे. डोंगरात तो वीर, आणि इंग्रजांच्या दप्तरात दरवडेखोर. मग खरे काय मानावे? वाचकहो, त्यासाठी त्याचे चरित्रच पाहिले पाहिजे.

राघोजीचा जन्म इ. स. १८०५ मधला, हरिश्चंद्रगडापलीकडच्या अकोले तालुक्यातील देवगावचा. महादेव कोळ्यांतील नाइकाचे घराणे. हे लोक म्हणजे सह्याद्रीचे राखणदार. नाणेघाट, माळशेज, आहुपे या वाटा आणि आसपासचे गडकोट यांची राखण करावी, आणि त्याबद्दल मिळेल त्या हक्कावर जगावे, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. दंडही त्यांनी कमी पाहिला नव्हता. शिवनेरीवरचा कोळी चौथरा दाखवून लोक अजून सांगतात, की मोगलाईत बंड केलेल्या कोळ्यांची मुंडकी तिथं तोडली.

परंतु दंड म्हणजे केवळ शिरच्छेद नव्हे. आपल्या धर्मशास्त्राने दंडाचे चार प्रकार सांगितले आहेत : वाग्दंड, धिग्दंड, धनदंड आणि सर्वांत शेवटी वधदंड. अपराध्याचा देश, काळ, बळ, वय आणि वित्त पाहून मगच निर्णय करावा, असा संकेत. पेशवाईत सगळे असेच चाले असे नाही. हातपाय तोडण्यापर्यंत मजल जाई. पण बंडखोराला कौल देऊन परत बोलावण्याची रीतही होती. राजूरकडचा जावजी बांबळे नाईक नाना फडणिसांच्या अमदानीत असाच बंडावला होता. पाठीवर आलेली सरकारी माणसे त्याने मारली, किल्ले घेतले. पुढे तुकोजी होळकरांच्या मध्यस्थीने त्याला माफी मिळाली आणि राजूरच्या साठ गावांचा बंदोबस्त त्याच्याच हाती सोपवला. काल ज्याला चोर म्हटले तोच आज कोतवाल! इ. स. १७८९ मध्ये तो वारला, तो सरकारचा माणूस म्हणून.

इ. स. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांनी गडावरची शिबंदी मोडली, नाइकांच्या हक्कांना कात्री लावली. हातात काम नाही. सारा मात्र भरावा लागे, आणि भरायला सावकाराचा उंबरठा. अंगठा उठवायचा तो कशावर, हे बिचाऱ्या डोंगरी माणसाला काय कळणार? इ. स. १८२८-२९ च्या सुमारास रामा किरवा आणि राघोजीचे वडील रामजी यांनी बंड केले. कॅप्टन मॅकिंटॉशने ते मोडले आणि रामा किरव्याला नगरला फाशी झाली. राघोजी तेव्हा विशी ओलांडलेला जवान होता. हे सारे त्याच्या घरचेच दुःख.

इ. स. १८४४ च्या सुमारास राघोजी आणि भाऊ बापू उठले. पुणे, नगर, नाशिक, ठाणे या चारी जिल्ह्यांच्या डोंगरांत सावकारांची झोप उडाली. इथं मात्र सत्य लपवून चालणार नाही. राघोजीच्या टोळ्यांनी सावकारांची नाकं कापली, पोलिसांचे जीव घेतले. कर्जाचा कागद खोटा असेल, पण त्यापायी कापलेलं नाक परत येत नाही. कैवाऱ्याचा अपराध झाला तरी तो अपराधच.

कॅप्टन गिबर्न फौज घेऊन डोंगरात शिरला. गावकरी तोंड उघडीनात. राघोजीचा ठावठिकाणा काढण्यासाठी त्याच्या वृद्ध आईचे हाल केले, असे सांगतात. केलं पोरानं आणि भोगलं माउलीनं, हा कुठला न्याय? इ. स. १८४५ मध्ये बापू सापडला आणि टोळ्या फुटल्या. राघोजी एकटा पडला, वेष पालटून हिंडू लागला, आणि अखेर कुठं गेला? पंढरपूरला! आपल्या दिंडीत शेजारच्याला त्याचा गुन्हा कुणी विचारीत नाही. तो लपायला आला, की दर्शनाला आला? ते एका पांडुरंगाला ठाऊक. २ जानेवारी १८४८ रोजी यात्रेकरूंच्या मेळ्यात लेफ्टनंट गेलने त्याला धरले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिले. धरल्यापासून चार महिन्यांत खेळ खलास.

जावजीला कौल मिळाला, राघोजीला दोर. पण दोराने दुखणे बरे झाले काय? सत्तावीस वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातच सुप्याला शेतकरी उठले. त्यांनी माणसांऐवजी बहुतेक कर्जाचे कागद जाळले. मग सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा झाला : कागदावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता मूळ कर्ज किती, हेही कोर्टाने तपासावे. अहो, हाच तपास तीस-पस्तीस वर्षे आधी झाला असता तर किती नाकं वाचली असती, आणि एक मानही वाचली असती!

म्हणून दंड देणाऱ्याने हातातला अपराध पाहावा आणि त्याच्या मागचा अन्यायही पाहावा. पहिला सोडला तर दुबळ्याला वाली उरत नाही. दुसरा सोडला तर फासावर एक जातो आणि डोंगरात दहा उभे राहतात. चुलीपाशी राघोजीचे नाव अजून निघते, ते या दुसऱ्या तपासासाठी. तो कोर्टात झाला नाही, म्हणून लोक तो अजून करीत बसले आहेत.

रामकृष्णहरि!